फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ कोण? वाचकांचे प्रश्न, क्रीडा विभागाची उत्तरं

या महिन्याचं सदर पूर्णपणे फुटबॉलला दिलं आहे. सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंची क्रमवारी कशी लावावी, याबद्दल नाशिक आणि परिसरातून आलेली पत्रं इतकी नेमकी आहेत की एकेका ओळीत त्यांची बोळवण करणं बरोबर ठरलं नसतं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही सकाळी गोल्फ क्लब मैदानावर जमणारे मित्र. पेले, मॅराडोना, मेस्सी, रोनाल्डो यांच्यावरून दर रविवारी वाद होतो आणि मिसळ संपली तरी निकाल लागत नाही. क्रमवारी लावायची काही पद्धत आहे का? (वाचक, टिळकवाडी)

पद्धत आहे, आणि तिची पहिली अट म्हणजे नावं शेवटी काढायची. तुमचा वाद मिटत नाही कारण प्रत्येक जण आधी आपला खेळाडू ठरवतो आणि मग त्याला सोयीचं मोजमाप शोधतो. कागदावर आधी निकष लिहा, त्यांना गुण द्या, सगळ्यांची संमती घ्या. त्यानंतर त्यात फेरफार नाही.

आम्ही शंभर गुणांची विभागणी अशी करतो. कारकिर्दीतल्या सर्वोत्तम सलग तीन हंगामांतली उंची, म्हणजे शिखर, याला ३५. सातत्य, म्हणजे वरच्या दर्जाचा खेळ किती वर्षं टिकला, याला २०. बाद फेरीतले आणि अंतिम सामने, २०. खेळावर पडलेला ठसा, १५. आणि जिंकलेले चषक, फक्त १०. चषकांना इतके कमी का, असं तुम्ही विचारालच. चषक अकरा जण मिळून जिंकतात. १९६२च्या विश्वचषकात पेले दुसऱ्याच सामन्यात, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध जखमी झाला आणि पुढे खेळलाच नाही. तो चषक ब्राझीलला मिळवून दिला गॅरिंचाने. चषक मोजताना मात्र तो पेलेच्या तीनपैकी एक म्हणून सरळ मोजला जातो.

आता प्रत्यक्ष गुण देऊन पाहू. मॅराडोनाला आम्ही याच क्रमाने ३५, १२, १९, १४ आणि ६ देतो. बेरीज ८६. पोर्तुगालच्या रोनाल्डोला ३१, २०, १५, ८ आणि ९, बेरीज ८३. मॅराडोना पुढे. आता निकषांचे गुण फिरवा : शिखराला २०, सातत्याला ३५, बाकी तसंच ठेवा. त्याच प्रमाणात मॅराडोनाचे होतात ८० आणि रोनाल्डोचे जवळपास ८५. खेळाडू तेच, आमचं मतही तेच, तरी क्रम उलटला. वादाचं खरं मूळ इथे आहे. शिखर मोठं की सातत्य, एवढंच आधी ठरवलंत तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

या पद्धतीत हमखास होणारी चूक म्हणजे एकाच गोष्टीला तीनदा गुण देणं. मेस्सीचा २०२२चा विश्वचषक ‘मोठे सामने’मध्ये मोजला, की तोच पुन्हा ‘चषक’ आणि ‘ठसा’ या दोन्ही रकान्यांत पूर्ण वजनाने येऊ देऊ नका. मोठ्या सामन्यांत खेळाडूने स्वतः काय केलं ते बघा, चषकांच्या रकान्यात फक्त संघाचं यश. दुसरी चूक, सगळे रकाने एका खेळाडूसाठी आडवे भरत जाणं. मग पहिल्या रकान्यातला लोभ शेवटपर्यंत उतरतो. त्याऐवजी सर्व खेळाडूंना आधी फक्त ‘शिखर’चे गुण द्या, मग सर्वांना ‘सातत्य’चे, असं उभं जा.

प्रश्न : पेलेचे गोल हजाराच्या वर सांगितले जातात. मग प्रश्नच कुठे उरतो? (वाचक, ओझर)

गिनीज बुकात पेलेच्या नावावर १,३६३ सामन्यांत १,२७९ गोल आहेत. त्यात मैत्रीपूर्ण सामने, सान्तोस क्लबचे परदेश दौरे, लष्करी सेवेत असताना सेनेच्या संघाकडून केलेले गोल, सगळं आहे. ते गोल खोटे नाहीत, पण आजच्या खेळाडूच्या आकड्याशेजारी ठेवण्यासारखे नाहीत, कारण आज मैत्रीपूर्ण क्लब सामन्यांतले गोल कोणी धरतच नाही. तुलनेसाठी ब्राझीलकडून केलेले ९२ सामन्यांतले ७७ आणि विश्वचषकातले १४ सामन्यांतले १२ घ्या. ते आकडे पुरेसे मोठे आहेत.

गोलांची तुलना करताना तीन चाळण्या लावा.

पहिली चाळणी पेनल्टीची. सरासरी चारपैकी तीन पेनल्टी गोलात जातात, तेव्हा त्या वेगळ्या लिहा. १९६६च्या विश्वचषकात पोर्तुगालच्या युसेबिओचे ९ गोल, त्यात ४ पेनल्टी. २०२२मध्ये मेस्सीचे ७, त्यातही ४ पेनल्टी. फ्रान्सच्या एम्बापेचे ८, त्यात २.

दुसरी चाळणी काळाची, आणि ही लोक विसरतात. १९५४च्या विश्वचषकात २६ सामन्यांत १४० गोल झाले, म्हणजे सामन्यामागे ५.३८. १९५८मध्ये ३.६०, १९९०मध्ये अवघे २.२१, २०२२मध्ये २.६९. खेळाडूचे गोल त्या स्पर्धेच्या सरासरीने भागा आणि २.६९ने गुणा, म्हणजे सगळे २०२२च्या भावात येतील. हंगेरीच्या कोचिशचे १९५४मधले ११ गोल होतात ५.५. इटलीच्या स्किलाचीचे १९९०मधले ६ गोल होतात ७.३. फ्रान्सच्या फाँतेनचे १९५८मधले १३ गोल मात्र घटूनही ९.७ राहतात, यावरून त्याने काय केलं होतं ते कळावं. क्रिकेटमध्ये ओल्या खेळपट्टीवरच्या ४० धावा आणि पाटा खेळपट्टीवरच्या ४० धावा आपण सारख्या धरत नाही, तोच हिशेब.

तिसरी चाळणी प्रतिस्पर्ध्याची. कोचिशच्या त्या ११पैकी ७ गोल साखळीतल्या दोनच सामन्यांत आहेत. एक ९-० असा दक्षिण कोरियाविरुद्ध, दुसरा ८-३ असा पश्चिम जर्मनीविरुद्ध, आणि त्या दिवशी जर्मन प्रशिक्षकांनी बरेच मुख्य खेळाडू बाहेर ठेवले होते. त्याच जर्मनीशी अंतिम सामन्यात गाठ पडली तेव्हा कोचिशला गोल करता आला नाही आणि हंगेरी ३-२ने हरली.

प्रश्न : जुन्या काळी बचावपटू ढिले होते, आजच्या वेगात पेले टिकला नसता असं माझा मुलगा म्हणतो. (वाचक, इंदिरानगर)

मुलाला १९६६चा पोर्तुगाल-ब्राझील सामना दाखवा. एकाच चढाईत पोर्तुगालच्या मोराइसने पेलेला लागोपाठ दोनदा पाडलं आणि तरी मोराइसला मैदानाबाहेर काढलं नाही. पिवळं-लाल कार्ड तेव्हा नव्हतंच, ते विश्वचषकात १९७०मध्ये आलं. बदली खेळाडूची मुभाही विश्वचषकात १९७०पासूनची. त्यामुळे पेले पाय बांधून लंगडत उरलेला सामना खेळला, कारण तो बाहेर गेला असता तर ब्राझील दहा जणांवर आलं असतं.

१९८६च्या स्पर्धेत मॅराडोनावर ५३ फाउल झाले, तोही याच कडव्या खेळाचा भाग. मागून केलेल्या धोकादायक टॅकलवर कडक कारवाई खऱ्या अर्थाने नव्वदच्या दशकात सुरू झाली. १९९२मध्ये गोलरक्षकाला आपल्याच खेळाडूने पायाने दिलेला पास हातात धरायला बंदी झाली, तेव्हा खेळाचा वेग वाढला आणि आघाडीपटूला जागा मिळाली. मैदानं सुधारली, चेंडू पाणी पिईनासा झाला. आजचा खेळाडू जास्त वेगवान आणि तंदुरुस्त आहे यात शंका नाही, पण त्याला नियमांचं संरक्षणही जास्त आहे. म्हणून खेळाडूला आजच्या मैदानावर आणून उभं करू नका. तो आपल्या समकालीनांपेक्षा किती पुढे होता, एवढंच मोजा.

प्रश्न : आमच्या मंडळाला मोबाइलवर मतदान घेऊन ‘सर्वकालीन दहा’ जाहीर करायचे आहेत. कसं करावं? (वाचक, नाशिकरोड)

खुलं मतदान घेऊ नका. फिफाने २०००मध्ये ‘शतकातला खेळाडू’ निवडताना इंटरनेटवर मतं मागवली. मॅराडोनाला ५३.६ टक्के मिळाली, पेलेला १८.५३. इंटरनेट तेव्हा तरुणांच्या हाती होतं आणि त्यांनी पेलेला खेळताना पाहिलं नव्हतं. दुसरीकडे फिफाचं मासिक आणि तज्ज्ञ यांच्या मतांत पेलेला ७२.७५ टक्के आणि मॅराडोनाला ६ टक्के. शेवटी दोघांनाही किताब द्यावा लागला. तुमच्या मंडळात आज तसंच मतदान झालं तर २००५ आधीचा खेळाडू क्वचितच वर दिसेल.

त्याऐवजी असं करा. पंचवीस नावांची यादी आधीच ठरवा आणि त्यात १९७०पूर्वीची किमान सहा नावं ठेवा. पंधरा-वीस मतदार पुरेत, पण वयोगट मिश्र असू द्या. प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची, पहिल्याला १० गुण, दहाव्याला १. वरच्या जागांमधला फरक ठळक हवा असेल तर पाचच नावं मागवून ६, ४, ३, २, १ असे गुण द्या. बॅलन डी’ओर या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी ही पद्धत काही वर्षं वापरली गेली.

यात लबाडीला एक वाट राहते : मेस्सीचा चाहता रोनाल्डोचं नावच यादीतून गाळतो, आणि रोनाल्डोचा मेस्सीचं. उपाय सोपा आहे. प्रत्येक खेळाडूला मिळालेल्या गुणांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा काढून टाका, उरलेल्यांची बेरीज करा. पंधराहून कमी मतदार असतील तर हे करू नका. दोन आकडे काढल्यावर हाताशी फारच थोडं उरतं.

प्रश्न : बॅलन डी’ओर किती मिळाले हे पाहून क्रमवारी लावली तर चालणार नाही का? (वाचक, सिडको)

नाही. १९५६पासून १९९४पर्यंत हा पुरस्कार फक्त युरोपीय खेळाडूंना मिळू शकत असे. त्यामुळे पेले आणि मॅराडोना यांच्या नावापुढे तो एकदाही नाही. १९९५मध्ये युरोपातल्या क्लबकडून खेळणाऱ्या कोणत्याही देशाच्या खेळाडूला दार उघडलं आणि त्याच वर्षी लायबेरियाचा जॉर्ज वेआ जिंकला. जगभरातल्या क्लबांसाठी ते २००७पासून खुलं झालं. मेस्सीचे आठ आणि रोनाल्डोचे पाच ही मोठीच कामगिरी आहे, पण त्यांची तुलना हॉलंडच्या क्रायफच्या तीनशी (१९७१, १९७३, १९७४) करता येते, पेलेच्या शून्याशी नाही.

प्रश्न : विश्वचषक न खेळलेला खेळाडू पहिल्या दहात कसा बसतो? (वाचक, सिन्नर)

आल्फ्रेडो डी स्टेफानो विश्वचषकाचा एकही सामना खेळला नाही. पण १९५६ ते १९६० या काळात त्याच्या रेयाल माद्रिद क्लबने सलग पाच युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकले आणि पाचही अंतिम सामन्यांत त्याने गोल केला. १९६०चा अंतिम सामना ७-३ असा सुटला, त्यात पुश्काशचे चार आणि याचे तीन. स्वतःच्या गोलक्षेत्रातून चेंडू घेऊन पुढे नेणारा, मधे खेळ रचणारा आणि शेवटी गोलही करणारा असा खेळाडू त्याआधी इतक्या वरच्या पातळीवर दिसला नव्हता. जॉर्ज बेस्टचा उत्तर आयर्लंड त्याच्या उमेदीच्या काळात पात्रच ठरला नाही. लायबेरिया वेआच्या कारकिर्दीत पात्र ठरला नाही. जन्मदेशाची शिक्षा खेळाडूला देऊ नये. आमच्या पद्धतीत ‘मोठे सामने’ या रकान्यात क्लबचे अंतिम सामनेही धरतात, ते याचसाठी.

प्रश्न : गोलरक्षक आणि बचावपटू कायम मागे का पडतात? (वाचक, पंचवटी)

कारण आपण मोजतो ते गोल, आणि टळलेला गोल कोणी लिहून ठेवत नाही. बॅलन डी’ओर मिळालेला एकमेव गोलरक्षक लेव यशिन, १९६३मध्ये. बचावपटूंत बेकेनबाउर, झामर आणि कानावारो. मालदिनी आणि बारेसी यांना तो कधीच मिळाला नाही.

उपाय म्हणजे आधी जागेनुसार चार वेगळ्या याद्या करा. गोलरक्षक, बचाव, मधली फळी, आघाडी. प्रत्येक यादीतले पहिले तीन घ्या आणि त्या बारा जणांना एकत्र क्रम द्या. एकदम मिश्र यादीने सुरुवात केलीत तर बचावपटू पंधराव्या नावानंतरच आठवतो. बचावपटूच्या ‘शिखर’ रकान्यात संघाने खाल्लेले गोल धरताना जपून, ते सगळ्या फळीचं काम असतं. त्यापेक्षा समोरच्या मुख्य आघाडीपटूला त्या दिवशी किती वेळा गोलाकडे तोंड करून चेंडू मिळाला, ते पाहा.

प्रश्न : जुने खेळाडू पाहायचे कसे? तुकड्या-तुकड्यांच्या चित्रफितींवरून मत बनवावं का? (वाचक, देवळाली कॅम्प)

तुकड्यांवरून अजिबात नाही. त्यात फक्त यशस्वी क्षण असतात, गमावलेले चेंडू कापलेले असतात. एका खेळाडूचे किमान तीन पूर्ण सामने पाहा, त्यातला एक हरलेला असू द्या. नव्वद मिनिटांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे सहा भाग करा आणि प्रत्येक भागात चार गोष्टींच्या खुणा करा : चेंडू मिळाला, गमावला, माणूस चकवला, पुढे जाणारा पास दिला. दोघांनी वेगवेगळ्या खुणा करून मग ताडून पाहा. फरक फार आला तर कोणत्या पासला ‘पुढचा’ म्हणायचं हेच तुम्ही ठरवलेलं नसतं.

सुरुवात १९७०च्या ब्राझील-इटली अंतिम सामन्यापासून करा आणि ८६व्या मिनिटाचा गोल आठ-दहा वेळा पाहा. ब्राझीलचा क्लोदोआल्दो स्वतःच्या अर्ध्या मैदानात चार इटालियनांना चकवतो. चेंडू डावीकडे जातो. जाइरझिन्यो हा उजव्या बाजूचा खेळाडू, पण तो डावीकडे सरकलेला आहे, आणि माणूस-माणूस राखण्याच्या इटालियन पद्धतीमुळे फाकेत्तीही त्याच्यामागे ओढला गेला आहे. उजवी बाजू मोकळी. चेंडू पेलेकडे येतो तेव्हा तो थांबतो. मागे न बघता, अगदी हळू, उजवीकडच्या रिकाम्या जागेत चेंडू सोडतो. चित्रात तिथे कोणीच नसतं. मग कार्लोस आल्बेर्तो चौकटीत शिरतो, धावण्याची लय न मोडता चेंडू मारतो आणि गोल. पेलेची नोंद इथे एका साध्या पासची होईल. त्या पासचा वेग आणि थांबण्याचा तो क्षण आकड्यात येत नाही, त्यासाठी सामनाच पाहावा लागतो.

दुसरा सामना १९७४चा अंतिम, हॉलंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. हॉलंडने सुरुवात केली, चेंडू आपसांत फिरवला, क्रायफ मध्यवर्तुळाजवळ सर्वांत मागे येऊन चेंडू घेतो आणि थेट धावत सुटतो. चौकटीत होएनेस त्याला पाडतो. नीस्केन्स पेनल्टी मारतो. १-०, आणि तोवर एकाही जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागलेला नाही. पुढे जर्मनीचा फोग्ट्स क्रायफला चिकटतो, क्रायफ मागे-मागे सरकतो आणि गोलापासून दूर गेल्यावर त्याची धार कमी होते. हॉलंड २-१ने हरतं. मोठा खेळाडू कसा बांधला जातो हे शिकायला याहून चांगला सामना नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. जुना कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. चेंडू नसताना खेळाडू कुठे होता हे दिसत नाही, त्यामुळे जागा अडवणारे आणि जागा तयार करणारे यांना कमी गुण पडतात. त्यांच्या ‘शिखर’ रकान्यात दोन-तीन गुण हात सैल सोडून द्यायला हरकत नाही.

प्रश्न : भारतीय खेळाडू या चर्चेत का नसतात? सुनील छेत्रीचे गोल तर मोठमोठ्यांच्या बरोबरीचे आहेत. (वाचक, सातपूर)

छेत्रीचे भारताकडून नव्वदहून अधिक गोल आहेत आणि त्याची शिस्त, तंदुरुस्ती वादातीत. पण वरची तिसरी चाळणी लावली की त्यातले बरेच गोल क्रमवारीत खालच्या संघांविरुद्ध निघतात. जागतिक पहिल्या पन्नासात त्याला बसवणं त्याच्यावरच अन्याय करेल. भारतीय यादी स्वतंत्र करा आणि ती मनापासून करा. नेव्हिल डिसूझाने १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, भारत ४-२ने जिंकला आणि स्पर्धेत चौथा आला. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चुनी गोस्वामींच्या नेतृत्वाखाली दक्षिण कोरियाला २-१ने हरवून सुवर्ण मिळालं. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे. जर्नेल सिंग मूळचे बचावपटू, डोक्याला टाके असताना आघाडीला खेळले. ही नावं आपल्या मुलांना पाठ असायला हवीत.

प्रश्न : स्त्री खेळाडूंना याच यादीत घ्यावं का? (वाचक, कॉलेज रोड)

निकष तेच, यादी वेगळी. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ स्त्रियांना फुटबॉल खेळायला कायद्याने बंदी होती, इंग्लंडमध्ये १९२१पासून जवळपास पन्नास वर्षं संघटनेने मैदानं नाकारली. स्त्रियांचा पहिला विश्वचषक १९९१मध्ये, तोही बारा संघांचा आणि ८० मिनिटांच्या सामन्यांचा. त्यात अमेरिकेच्या मिशेल एकर्सने १० गोल केले. ब्राझीलच्या मार्ताचे विश्वचषकात १७ गोल आहेत आणि फिफाचा वर्षातली सर्वोत्तम हा किताब सहा वेळा. कॅनडाच्या क्रिस्टिन सिंक्लेअरचे आंतरराष्ट्रीय गोल १९०. आमच्या यादीत मार्ता पहिली, शिखर आणि सातत्य दोन्हींत.

प्रश्न : एवढं सगळं सांगता, मग तुमची यादी काय? (अनेक वाचक)

मेस्सी, पेले, मॅराडोना, क्रायफ, डी स्टेफानो, बेकेनबाउर, पोर्तुगालचा रोनाल्डो, पुश्काश, झिदान, गॅरिंचा. पहिल्या दोघांत आमच्या हिशेबात दोनच गुणांचं अंतर आहे. २०२२च्या आधी मेस्सीचा विश्वचषकाच्या बाद फेरीत एकही गोल नव्हता आणि तोवर आम्ही पेलेलाच पहिलं मानलं असतं. २०२२च्या स्पर्धेत मेस्सीने उपउपांत्यपूर्व फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत प्रत्येक फेरीत गोल केला. रोनाल्डो सातवा का, यावर पत्रं येणार. २०२२पर्यंतच्या पाच विश्वचषकांत २२ सामन्यांत त्याचे ८ गोल आहेत आणि बाद फेरीत एकही नाही. चॅम्पियन्स लीगमधले १४० गोल आणि पाच विजेतेपदं नसती तर तो आणखी खाली गेला असता. गॅरिंचाला दहावं ठेवताना सर्वांत जड गेलं. तो आणि पेले दोघं एकत्र खेळलेला एकही सामना ब्राझील हरलेलं नाही.

प्रश्न : २०२६पासून विश्वचषकात ४८ संघ आहेत. जुने विक्रम कसे तोलायचे? (वाचक, गंगापूर रोड)

एकूण गोल लिहिणं सोडा, सामन्यामागे गोल लिहा. १९७०मध्ये विजेत्याला ६ सामने खेळावे लागत, १९९८ ते २०२२मध्ये ७, आता ८. साखळीतले आणि बाद फेरीतले गोल दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा. बत्तीस संघांची नवी बाद फेरी आली आहे, तीही वेगळी लिहा, कारण आधीच्या खेळाडूंना ती नव्हतीच.